बाबांच्या नावाने पास काढला आणि प्रश्न मिटला

आईबाबांना अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात न्यायचं होतं. तिथे एका गाडीचं प्रवेशशुल्क ३५ डॉलर, पुढे सेक्वोया या दुसऱ्या उद्यानाचंही तेवढंच. म्हणून मी माझ्या नावाने राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा वार्षिक पास घ्यायला निघाले होते. बाबांकडे ग्रीन कार्ड आहे, हे डोक्यातच आलं नाही! वयाची ६२ पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला हाच पास वर्षाला २० डॉलरला मिळतो, आजन्म हवा तर ८० ला. (व्हिसावर फिरायला आलेल्या पालकांना मात्र ही सवलत नाही.)

पोस्टाने मागवताना कार्डाचा फोटो माझ्याकडून अंधुक गेला आणि अर्ज अडकला. शिवाय प्रक्रियाशुल्क वेगळंच. शेवटी पास थेट प्रवेशद्वारावर घेतला. बाबांनी पाकिटातून कार्ड काढून रेंजरला (उद्यानाच्या कर्मचाऱ्याला) दाखवलं, पासच्या मागे आपली ठसठशीत मराठी सही केली आणि गाडीतले आम्ही पाचही जण आत! पासधारक सोबत हवा, फोटो ओळखपत्रही हवं. बाबा घरी आणि पास आमच्याकडे, असं चालत नाही.

२० डॉलरचे असे चार वार्षिक पास दिले की आजन्म पास बदलून मिळतो. म्हणून मुदत संपली तरी हा पास मी जपून ठेवणार आहे.