आय-९४ सापडेना तेव्हा

लेक २०२४ च्या ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेला गेली. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला फोंड्याच्या घरी तिचा फोन, "आई, आय-९४ सापडतच नाही गं!" आय-९४ म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद. विद्यापीठातल्या चेक-इनला, म्हणजे पोचल्याची नोंद करायला, पासपोर्ट, व्हिसा, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद) यांच्यासोबत तेही हवं होतं. हा कागद विमानतळावर कुणी हातात देत नाही, सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याच्या) साइटवरून आपणच काढायचा. आणि तिथे दर वेळी एकच उत्तर: नोंद नाही.

मी कपाटातून तिच्या पासपोर्टची झेरॉक्स शोधली, लाइटच्या बिलांखाली होती. 'गिव्हन नेम'च्या रकान्यात तिचं नाव आणि पुढे बाबांचंही! ही बाई नुसतं स्वतःचंच टाकत बसलेली. दोन्ही नावं, मधे जागा सोडून, पहिल्या नावाच्या चौकटीत टाकायला सांगितली. लगेच निघालं.

"वर्ग एफ-१ च आहे ना? मुदतीच्या जागी डी/एस?" मी विचारलं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा वर्ग, आणि डी/एस म्हणजे ठरावीक तारखेऐवजी विद्यार्थी म्हणून नियमात असेपर्यंतची मुदत. हे बघून घ्यावंच. तिथे चूक असेल तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयाकडून दुरुस्त करून घ्यावी लागते. चेक-इननंतर सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यंत्रणेतली) नोंदणी विद्यापीठच करतं.

फोन ठेवताना विचारलं, जेवलीस? तिकडे दुपारचा एक वाजलेला, आणि बाईसाहेब सकाळच्या चहावरच.