क्लॅप ३ वरून क्लॅप ४ वर जाताना

रस्ट भाषेत लिहिलेल्या अनेक कमांड-लाइन साधनांमध्ये आर्ग्युमेंट (कमांडपुढे टाइप केलेले ऑप्शन आणि किंमती) वाचण्याचे काम क्लॅप ही लायब्ररी करते. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २०२१ च्या अखेरच्या दिवशी आली आणि चौथी लगेच सप्टेंबर २०२२ मध्ये. कार्गो या रस्टच्या पॅकेज साधनाच्या फाइलमधला ३ हा आकडा बदलून ४ केला की कंपायलर चुकांची लांबलचक यादी समोर ठेवतो आणि ती संपवली की काम झाले, असा समज होतो. प्रत्यक्षात कंपायलरने दाखवलेल्या चुका सोप्या असतात; खरा त्रास त्याच्या नजरेतून सुटणाऱ्या चुकांचा असतो.

म्हणून कोडला हात लावण्याआधी जुन्या साधनाचे वागणे नोंदवून ठेवावे. प्रत्येक सबकमांडची मदत, चुकीचा ऑप्शन दिल्यावर येणारा संदेश आणि बाहेर पडतानाचा कोड (क्लॅपमध्ये तो २ असतो) हे सर्व फाइलमध्ये साठवावे. ट्रायसीएमडी किंवा असर्ट-सीएमडी या चाचणीच्या लायब्ररी वापरून त्याच्या चाचण्या लिहिल्या तर उत्तमच. शिवाय 'डीबग_असर्ट' बोलावणारी एक छोटी चाचणी घालावी. आर्ग्युमेंटच्या मांडणीतल्या विसंगती ती लगेच पकडते.

त्यानंतर थेट ४ वर उडी न मारता आधी ३.२ या मालिकेतल्या शेवटच्या आवृत्तीवर यावे. 'डेप्रिकेटेड' हे फीचर चालू करून कार्गो चेक चालवले की जुन्या पद्धती वापरल्याच्या सूचना दिसतात, आणि नव्या पद्धती ३.२ मध्येच उपलब्ध असल्याने जुने कोड चालू ठेवून एकेक जागा दुरुस्त करता येते. या टप्प्याला कंटाळून तो वगळणाऱ्यांना पुढे दुप्पट वेळ द्यावा लागतो, असे माझे मत आहे.

सर्वाधिक काळजी घ्यावी ती साध्या फ्लॅगची, म्हणजे किंमत न घेता नुसता दिला जाणाऱ्या ऑप्शनची. तिसऱ्या आवृत्तीत 'टेक्स_व्हॅल्यू' न लिहिलेले आर्ग्युमेंट फ्लॅग मानले जाई. चौथीत मात्र वेगळे काही न लिहिल्यास आर्ग्युमेंटची कृती 'सेट' असते, म्हणजे ते किंमत मागते. त्यामुळे फ्लॅगवर 'सेट-ट्रू' ही कृती स्पष्ट लिहावी लागते. येथेच दुसरा सापळा आहे. 'इज_प्रेझेंट' काढून टाकलेले असल्याने त्याच्या जागी 'कन्टेन्स_आयडी' घालण्याचा मोह होतो, कोड कंपाइलही होतो, परंतु 'सेट-ट्रू' फ्लॅगला 'फॉल्स' ही मूळ किंमत आपोआप मिळत असल्यामुळे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. म्हणजे वापरकर्त्याने न मागताही फ्लॅग लागू होतो. फ्लॅगसाठी 'गेट_फ्लॅग'च वापरावे.

किंमत वाचताना 'व्हॅल्यू_ऑफ'च्या जागी 'गेट_वन' येते आणि त्याला प्रकार सांगावा लागतो. आर्ग्युमेंटवर 'व्हॅल्यू_पार्सर' लिहिला नसेल तर किंमत स्ट्रिंगच राहते. अशा वेळी पोर्ट क्रमांक म्हणून तिला पूर्णांक समजून वाचले तर कंपायलर गप्प बसतो आणि चालू कार्यक्रम पॅनिक होतो, म्हणजे अचानक बंद पडतो. तेही तो ऑप्शन दिला गेला तरच. क्वचित वापरल्या जाणाऱ्या ऑप्शनची चूक म्हणूनच महिनोन्महिने दडून राहू शकते, तेव्हा प्रत्येक ऑप्शन किमान एकदा देणारी चाचणी हवीच. किती वेळा लिहिले हे मोजणाऱ्या फ्लॅगसाठी 'काउंट' कृती आणि 'गेट_काउंट' वापरावे.

'मल्टिपल_ऑकरन्सेस'साठी 'अपेंड' ही कृती आहे, तर 'मल्टिपल_व्हॅल्यूज'साठी 'नम_आर्ग्स'. मर्यादा न घातलेला 'नम_आर्ग्स' पुढचे, केवळ जागेवरून ओळखले जाणारे आर्ग्युमेंटही गिळतो, म्हणून शक्य तेथे पहिला पर्याय निवडावा.

डिराइव्ह पद्धत (स्ट्रक्टच्या व्याख्येवरून आर्ग्युमेंट आपोआप तयार करणे) वापरणाऱ्यांचे काम हलके आहे, कारण बूलियन (हो/नाही) क्षेत्राला योग्य कृती आपोआप मिळते. 'क्लॅप' या एकाच ॲट्रिब्यूटऐवजी 'कमांड', 'आर्ग' आणि 'व्हॅल्यू' असे तीन लिहिण्याची सवय करावी. क्लॅपची आपोआप चालू असणारी फीचर्स बंद ठेवली असतील तर 'हेल्प', 'युसेज' आणि 'एरर-कॉन्टेक्स्ट' ही वेगळी मागून घ्यावी लागतात.

आता आवृत्ती ४ करावी आणि साठवलेली मदत नव्या मदतीशी ताडून पाहावी. नाव, आवृत्ती आणि लेखक यांच्या ओळी सुरुवातीतून नाहीशा झालेल्या दिसतील, आणि ऑप्शन वर्णक्रमाऐवजी कोडमध्ये लिहिलेल्या क्रमाने येतील. हे फरक अपेक्षित आहेत; मात्र मदतीचा मजकूर वाचून काम करणाऱ्या कोणाच्या स्क्रिप्ट असतील, तर बदलांच्या नोंदीत या फरकांचा स्पष्ट उल्लेख करावा.