रेंज कार्ड करताना या चुका टाळा

एलएमजीवर, म्हणजे लाइट मशीनगनवर, बरीच वर्षं काढली, आता भरतीच्या आणि एनसीसीच्या पोरांना फील्डक्राफ्ट शिकवतो. रेंज कार्ड म्हणजे गनच्या जागेवरून समोरच्या खुणा कुठल्या दिशेला आणि किती लांब आहेत ते दाखवणारं हातानं काढलेलं चित्र. दरवर्षी पोरं नवी, चुका त्याच. खाली आपला मोर्चा, म्हणजे गनची जागा, वर अंतराची अर्धवर्तुळं, चार रेघा, दहा मिनिटांत कार्ड तयार आणि साहेब चहाला मोकळे!

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे हलणारी वस्तू खूण म्हणून धरणं. पंजाबात एक्सरसाइज, म्हणजे युद्धसराव, होती, आमच्या एका नव्या गड्यानं सेटिंग रे, म्हणजे जी जाड रेघ धरून अख्खं कार्ड जमिनीशी जुळवायचं ती, सरळ भुशाच्या गंजीवर ओढली. गंजी मोठी, लांबून चमकायची, मीपण बघून मान हलवली, तेव्हा निम्मी चूक माझी. तिसऱ्या दिवशी शेतकरी ट्रॉली घेऊन आला आणि दुपारपर्यंत गंजी गायब. रात्री गनवरची माणसं बदलली. नवा गनर चांदण्यात कार्ड घेऊन बसला, त्याला पलीकडची दुसरी गंजी दिसली, त्यानं कार्ड तिच्यावर फिरवलं आणि सगळ्या रेघा एकदम डावीकडे सरकल्या. सरावाचा अंपायर म्हणाला कार्डावरच्या दोन नंबरच्या खुणेवर फायर, आणि गनचं तोंड आमच्याच शेजारच्या सेक्शनकडे, म्हणजे तुकडीकडे. कागदावर आमचीच माणसं मेली! कार्ड आपल्यासाठी नसतंच हो, रात्री दोनला येणाऱ्या आणि ती जमीन उजेडात न बघितलेल्या गड्यासाठी असतं. मी खूण धरतो ती वीटभट्टीची चिमणी, पाण्याची टाकी, पुलाचा कठडा. झाड चालेल, पण एकटंच असेल तर. ‘डावीकडची झाडी’ असं लिहिणाऱ्याला मी कार्ड परत करायला लावतो.

दुसरं, उभं राहून कार्ड काढणं. अरे बाबा, गन जमिनीला लागून आहे ना, मग तू साडेपाच फुटांवरून काय बघतोयस? उभ्यानं सपाट दिसणाऱ्या शेतात आडवं पडलं की नाला निघतो, बांध निघतो, आणि त्यामागचा माणूस गनला दिसतच नाही. याला डेड ग्राउंड म्हणतात. माझी सवय अशी की मी गनमागे झोपतो आणि एका पोराला फायरच्या लाइनवर चालत पाठवतो, तो जिथे दिसेनासा होतो आणि जिथून परत दिसायला लागतो ते कार्डावर रेघा मारून भरतो. पोरं कुरकुरतात, मोबाइलवर नकाशा आहे की म्हणतात. नकाशाला बांध दिसत नाही.

अंतराचंही तसंच. मधे नाला असला किंवा सूर्य आपल्या पाठीमागे असला की वस्तू जवळ वाटते, सूर्य डोळ्यांवर आला किंवा आपण आडवं पडलो की लांब वाटते. त्यामुळे एकट्यानं अंदाज बांधू नका, चार-पाच जणांना विचारा, अगदीच वेडेवाकडे आकडे सोडा आणि बाकीच्यांची सरासरी काढा. जमेल तिथे पावलं मोजा, पण यार्ड आणि मीटरची खिचडी नको. ३० इंची १२० पावलं म्हणजे १०० यार्ड, १०० मीटरला साधारण १३१ लागतात. ३०० यार्ड म्हणजे फक्त २७४ मीटर, आणि लोक बिनधास्त ३०० मीटर लिहून मोकळे.

कंपास गनच्या बाजूला ठेवून बेअरिंग, म्हणजे खुणेच्या दिशेचा कोन, घेऊ नका, लोखंडानं सुई फिरते. मशीनगनपासून २ मीटर, काटेरी तारेपासून १०, गाडीपासून १८ तरी लांब उभे राहा.

पेनानं लिहू नका, पावसात सगळं वाहून जातं. पेन्सिल आणि वर प्लास्टिक.

एकच कॉपी? दुसरी सेक्शन कमांडरकडे द्या.

आणि तारीख. तारखेशिवायचं कार्ड हातात आलं की मी ते बाजूला ठेवतो आणि पहिल्यापासून नवीन काढतो, कारण पीक वाढलंय का कापलंय हे कार्ड सांगत नाही.