पुढच्या गेमची घोषणा कधी होणार, ते स्वतःच कसं ओळखायचं

ग्रुपवर कोणीतरी "आतली खबर, उद्या ट्रेलर" असं टाकतं, आपण रात्रभर जागतो आणि निघतं काय, तर जुन्याच गेमचा नवा स्किन, म्हणजे पात्राचा नुसता नवा पेहराव. दोनचार वेळा असा पोपट झाला आणि मग मी खबरी वाचणं सोडून कॅलेंडर वाचायला लागलो. पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपन्या, रिलीजची तारीख धरून उलटं मोजत येतात, आपणही तसंच मोजायचं, बाकी काही जादू नाही.

पहिलं म्हणजे मार्च एंड. हो, आपल्या ऑफिसात असतो तोच. ईए, टेक-टू, युबिसॉफ्ट, सोनी, निन्टेन्डो, कॅपकॉम या सगळ्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे दिवाळीच्या आसपास यायचा गेम लांबला की तो बरेचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन पडतो, म्हणजे विक्री निदान त्याच वर्षात धरता येते. युबिसॉफ्टचा असॅसिन्स क्रीड शॅडोज बघा ना, आधी १५ नोव्हेंबर २०२४, मग १४ फेब्रुवारी, शेवटी २० मार्च २०२५. दोनदा ढकलला पण वर्षाची कुंपणरेषा काही ओलांडली नाही.

आता कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन 'इन्व्हेस्टर' पान उघडायचं. कंटाळवाणं असतं मान्य आहे, पण खरा माल तिथेच. तिमाही निकालाची तारीख तिथे आधीच लिहिलेली असते आणि त्या तारखेच्या आजूबाजूला कंपनीला शेअरवाल्यांपुढे काहीतरी ठोस बोलावंच लागतं. जीटीए ६ चं हे अगदी उघड दिसतं. पहिला ट्रेलर डिसेंबरात येणार हे तो बनवणाऱ्या रॉकस्टारने ८ नोव्हेंबर २०२३ ला सांगितलं, त्याच दिवशी रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टूचे निकाल होते. २०२५ च्या मे मधले निकाल यायच्या आधी २ तारखेला गेम पुढे ढकलल्याचं सांगितलं आणि लगेच ६ तारखेला दुसरा ट्रेलर सोडला, म्हणजे कडू गोळीवर गूळ. मग नोव्हेंबरात परत निकालाच्याच दिवशी नवी तारीख, १९ नोव्हेंबर २०२६. एवढं कळल्यावर मधल्या महिन्यांत कोणी "आज रात्री ट्रेलर" म्हणालं तर मी सरळ झोपतो.

दुसरी खूण म्हणजे वयाचं रेटिंग. मोठ्या बाजारात गेम विकायचा तर आधी रेटिंग घ्यावं लागतं, आणि कोरिया, ब्राझीलच्या बोर्डांच्या यादीत कधीकधी घोषणेआधीच नाव झळकतं. असं नाव दिसलं तर ती अफवा नाही, गेम बऱ्यापैकी तयार आहे असं धरायला हरकत नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात तर नियमच आहे की रिलीजच्या किमान दोन आठवडे आधी 'कमिंग सून' पान लावायचं.

फसायचं कुठे नाही, तर लोगोच्या टीझरवर. नुसतं नाव आणि डोंगर दाखवला की समजायचं अजून काहीच नाही. एल्डर स्क्रोल्स ६ चा टीझर जून २०१८ मधला, सायबरपंक २०७७ ची घोषणा २०१२ ची आणि गेम आला १० डिसेंबर २०२० ला, तोही बगांनी, म्हणजे तांत्रिक चुकांनी, भरलेला. एवढ्या लवकर घोषणा करण्यामागे माझ्या मते बरेचदा माणसं भरती करायची असतात, किंवा चाहत्यांची कटकट थांबवायची असते. उलट फॉलआउट ४ जून २०१५ मध्ये जाहीर आणि १० नोव्हेंबरला हातात, पाच महिन्यांत विषय संपला, मला हीच पद्धत सगळ्यात आवडते. एपेक्स लेजेंड्स तर ४ फेब्रुवारी २०१९ ला जाहीर झाला त्याच दिवशी खेळायला मिळाला. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा राजी हा गेम जाहीर आधीच झाला होता, पण तोही असाच अचानक, १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या शोमध्ये दिसला आणि त्याच दिवशी त्यांच्या स्विच कन्सोलवर आला. पण आधीपासून ओळख नसलेल्या छोट्या टीमने हे मनावर घेऊ नये, त्यांना विशलिस्ट, म्हणजे गेम घ्यायचाय म्हणून खूण करून ठेवणारे लोक, जमवायला महिने लागतात आणि मागे निन्टेन्डोसारखा शो नसेल तर गुपचूप सोडलेला गेम गुपचूपच मरतो.

मग समोर कोण उभं आहे, म्हणजे त्याच सुमारास दुसरा कुठला मोठा गेम येतोय, तेही बघायचं. टायटनफॉल २ हा २८ ऑक्टोबर २०१६ ला आला, एक आठवडा आधी बॅटलफील्ड १, एक आठवडा नंतर कॉल ऑफ ड्यूटी, बिचारा चेंगरला. बॅटलफील्ड तर त्याच ईएचा होता, आता बोला. लोक कित्येक वर्षं वाट बघत असलेल्या सिल्कसाँग या गेमने २१ ऑगस्ट २०२५ ला फक्त दोन आठवडे आधी तारीख सांगितली तेव्हा कितीतरी छोट्या स्टुडिओंनी आपले गेम पटापट पुढे सरकवले.

घोषणा होतात ते शो कुठले धरायचे? ई३ हे अमेरिकेतलं मोठं गेम प्रदर्शन विसरा, ते डिसेंबर २०२३ मध्ये कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. आता जूनमध्ये समर गेम फेस्ट, ऑगस्टमध्ये जर्मनीत गेम्सकॉम, डिसेंबरात द गेम अवॉर्ड्स, आणि मधेमधे निन्टेन्डो डायरेक्ट, ज्याची खबर एकदोन दिवस आधीच मिळते. गेम अवॉर्ड्स आपल्याकडे शुक्रवारी पहाटे सहा-साडेसहाला सुरू होतं, चहा टाकून बसता येतं. समर गेम फेस्ट मात्र रात्री अडीचला असतं, त्यासाठी जागू नका, सकाळी यूट्यूबवर दीडच्या स्पीडने बघा.