फ्लॅटच्या भिंतीवर वारली काढताय? या चुका टाळा

डहाणू, जव्हार, तलासरीकडे वारली चित्र निघतं ते कुडाच्या भिंतीवर. कारवीच्या काठ्या, त्यांवर शेणमातीचं लिंपण, वर गेरू. मग टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी तांदळाच्या पिठात बुडवून चित्र काढायचं. ती भिंत ओलावा पिते. पुट्टी आणि प्लॅस्टिक इमल्शनची आपली भिंत पीत नाही, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

पांढरी माणसं गुलाबी का होतात?

गेरूची पूड पाण्यात कालवून थेट इमल्शनवर फासली की पहिल्या दिवशी झकास दिसते. बोट फिरवून बघा, बोट लाल होतं. आता त्यावर ओला पांढरा रंग टेकला की खालचा गेरू सुटतो, ब्रशला लागतो आणि माणसं गुलाबी होतात. पांढऱ्याचे आणखी दोन हात दिले तरी फरक पडत नाही, कारण दोष खालच्या थरात आहे.

सोपा उपाय म्हणजे गेरूच्या रंगाचं तयार मॅट इमल्शन. आधी 180 नंबरच्या पॉलिश पेपरने जुन्या रंगाची चकाकी मारा, ओल्या फडक्याने धूळ पुसा, प्राइमरचा एक हात द्या आणि मग रंगाचे दोन हात, मध्ये किमान चार तास. पाच बाय चार फुटांच्या चौकटीला अर्धा लिटर पुरून उरतो. खरा गेरूच हवा असेल, तर 200 ग्रॅम पूड रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा आणि त्यात 50 ते 60 मिली फेव्हिकॉल घाला. भिंतीवर लावण्याआधी पुठ्ठ्यावर लावून वाळवा आणि ओलं पांढरं फडकं घासा. लाली आली तर फेव्हिकॉल थोडं वाढवा.

तांदळाचं पीठ मात्र फ्लॅटमध्ये नकोच. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, मुंग्या आणि झुरळं येतात ती वेगळीच. पांढरा अ‍ॅक्रिलिक घ्या; 100 मिलीत काम होतं. तो ताज्या ताकाइतका पातळ झाला की ओघळतो, ट्यूबमधला तसाच वापरला की रेघ तुटते. पातळ सायीसारखा ठेवा.

ओल असेल तर यातलं काहीच टिकत नाही. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून थेंब जमले असतील तर पाणी भिंतीतून येतंय. आधी गळती शोधा, नाहीतर फुगे येऊन चित्रासकट रंग सुटेल.

कंबर जाड झाली की नाच थांबतो

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. घरी काढलेल्या चित्रांत ही टोकं एकमेकांत घुसतात आणि डमरूऐवजी डबा तयार होतो. दुसरी खोड म्हणजे सगळे त्रिकोण सरळ उभे. वरचा त्रिकोण जरा कलता करा, माणूस लगेच वाकतो, ओढतो, नाचतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं नीट पाहा. गर्दी केवढी, पण दोन माणसं सारखी उभी नाहीत. आधी त्रिकोणांची बाह्यरेषा शून्य नंबरच्या ब्रशने, मग आतला भाग दोन नंबरने भरा. हातपाय शेवटी.

तारपा नाच, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्याभोवतीचा नाच, बाहेरून आत काढत गेलं की मध्ये तारपा वाजवणाऱ्याला जागाच उरत नाही. त्याला आधी काढा, साधारण सहा इंच उंच. मग खडूने त्याच्याभोवती सर्पिल रेघ आखून तीन-तीन इंचांवर खुणा करा, म्हणजे शेवटचे चौघे चेंगरणार नाहीत. नाचणारे चार इंचांचे पुरेत. आखायला मार्कर वापरू नका, त्याची शाई वरच्या रंगातून डोकावते. मेणाचे खडूही नकोत, त्यांवर रंग धरत नाही.

आणि लग्नचौक हॉलमध्ये सोफ्यामागे काढू नये, असं आमचं मत. पालघट देवीचा तो चौक लग्नविधीचा असतो, सवाशिणी तो काढतात. भातलावणी, ताडाची झाडं, मासेमारीचं जाळं, विषयांना तोटा नाही.

भाड्याच्या घरात 6 मिमी प्लायवर काढा, पण प्राइमर दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला की प्लाय वाकतो. टांगताना स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू नका, वायर बहुधा तिथूनच खाली आलेली असते.

व्हार्निश लावायचं तर पाण्याचं, मॅट, आणि चित्र पूर्ण झाल्यावर दोन दिवसांनी. चकाकणाऱ्या व्हार्निशवर ट्यूबलाइट तेवढी दिसते. पांढरा थेंब सांडलाच तर लगेच ओल्या इअरबडने टिपा, घासू नका. वाळला असेल तर त्यावर खालचाच रंग लावावा लागतो, म्हणून 50 मिली रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत बाजूला काढून ठेवा. दुकानात पुन्हा मिसळून घेतलेली छटा शेजारी लावली की थोडी वेगळी दिसू शकते.