ताण अंगात कुठे साठतो आणि तो सैल कसा करायचा

‘अंग सैल सोड’ असं कुणी कितीही सांगितलं तरी चढलेले खांदे खाली येत नाहीत. ते चढलेत हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. मेंदूला धोका वाटला, मग तो साहेबांचा फोन असो की कर्जाच्या हप्त्याची तारीख, की सिंपथेटिक मज्जासंस्था (शरीराला लढायला-पळायला तयार करणारी यंत्रणा) जागी होते, ॲड्रेनलिन वाढतं, श्वास छातीत चढतो आणि स्नायू आवळले जातात. पळायचं असेल तर हे सगळं कामाचं. खुर्चीत बसलेल्या माणसाचे स्नायू मात्र आवळलेलेच राहतात, कमी ताकदीने पण तास न् तास. काही दिवसांत त्याची इतकी सवय होते की तीच आपली नेहमीची स्थिती वाटू लागते. म्हणून आधी ताण शोधायला शिकायचं, सोडायचं नंतर.

सुरुवात जबड्यापासून

दोन्ही हातांची बोटं कानाच्या खाली, थोडं पुढे, गालाच्या मागच्या भागावर ठेवा. दाढा एकमेकींवर दाबा. बोटांखाली जो टणक फुगवटा येतो तो चावण्याचा मुख्य स्नायू, मॅसेटर. आता दाढा सोडा. फुगवटा पूर्ण विरला का? पुष्कळ जणांच्या बोटांना तिथे थोडा कडकपणा लागतच राहतो, दाबल्यावर दुखतंही. सकाळी उठल्यावर कानशिलं जड असणं, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरट उंच रेघ, कारण नसताना दात शिवशिवणं, या खुणा दिसत असतील तर दिवसा किंवा झोपेत दात आवळले जात असण्याची शक्यता मोठी. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर दंतवैद्यांना दाखवा. रात्री दातांवर बसवायचं कवच दातांची झीज वाचवतं, सवय मात्र मोडत नाही.

जबड्याची विश्रांतीची स्थिती अशी: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला अलगद टेकलेलं. वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट पुरते. दात एकमेकांना लागायला हवेत ते चावताना आणि गिळताना, एरवी नाही. दिवसभर आठवण राहावी म्हणून एखाद्या ठरलेल्या गोष्टीशी सांगड घाला: फोन वाजला, सिग्नल लाल झाला, लॉगिन केलं, की दात सुटे आहेत का ते पाहायचं. पहिल्या आठवड्यात दर वेळी आवळलेलेच सापडतील. सापडतायत हीच प्रगती.

खांद्यांसाठी आरशाची गरज नाही. ते मुद्दाम कानांकडे उचला, पाच सेकंद धरा आणि एकदम सोडा. आधी होते त्यापेक्षा खाली आले तर तेवढे ते चढलेले होते. श्वासासाठी एक हात छातीवर, एक बेंबीवर ठेवा. शांत बसलेलं असताना छातीवरचाच हात जास्त हलत असेल तर मानेचे स्नायू बरगड्या वर ओढायला राबतायत. मान आखडण्याचं हे एक कारण नुसतं तेल चोळून जात नाही. पोट कायम आत ओढून धरण्याची सवयही श्वासाला असंच वर ढकलते.

आवळा आणि सोडा

शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याची पद्धत मांडली. ती फार लांबलचक होती. आज शिकवतात ती तिची आटोपशीर रूपं. शवासनात थेट सैल व्हायचं असतं, इथे आधी मुद्दाम आवळायचं, म्हणजे फरक कळतो. ज्यांना शवासनात ‘काहीच होत नाही’ त्यांनी ही पद्धत आधी करावी.

१५-२० मिनिटं मोकळी ठेवा. पाठीवर आडवे व्हा किंवा डोकं टेकता येईल अशा खुर्चीत बसा. पट्टा, घड्याळ, चष्मा काढा. जेवणानंतर लगेच नको. क्रम असा: उजवी मूठ आणि मनगट, उजवा दंड, मग डावीकडे तेच, कपाळ (भुवया उचलून), डोळे घट्ट मिटून नाक आक्रसून, जबडा, डोकं उशीत हलकं दाबून मान, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या आणि शेवटी पावलं.

प्रत्येक जागा ५ ते ७ सेकंद आवळा, एकदम सोडा आणि २० ते ३० सेकंद काहीही न करता तिथेच लक्ष ठेवा. ऊब, जडपणा, किंचित धडधड, जे जाणवेल ते. खरं शिक्षण या अर्ध्या मिनिटात होतं आणि घाईत नेमकं तेच कापलं जातं. प्रत्येक जागेची दोन आवर्तनं करून पुढे जा.

जोर दहापैकी पाच-सहा पुरे. जबडा आणि मान असेल तर तीन-चारच. पूर्ण ताकद लावली की पोटरीत गोळा येतो, विशेषतः पायाची बोटं खाली वळवल्यावर. म्हणून पोटरीसाठी चवडे आपल्याकडे ओढा आणि पावलं तीनच सेकंद आवळा. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे मूठ आवळताना श्वासही रोखणं. तो चालू ठेवा. हळूहळू सोडणंही टाळा, कारण मग फरक जाणवत नाही.

शेवटी दोन मिनिटं चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास संथ हवा, मोठा नको. छाती भरभरून श्वास घेत राहिलं तर कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, ओठांभोवती मुंग्या येतात. तसं झालं तर मोजणं थांबवून नेहमीसारखा श्वास घ्या. डोळे मिटल्यावर कुणाला उलट घाबरं होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून बसून फक्त हातांवर करावं.

आधी डॉक्टर

छातीत दुखणं किंवा दाब, ते हात, जबडा वा पाठीकडे जाणं, घाम, दम लागणं: हे ताणामुळेच असेल असं धरून बसू नका, लगेच दवाखाना गाठा. ताप आणि ताठ मान, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, हाताला बधिरपणा किंवा कमजोरी यांनाही तोच नियम. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मणक्याचा त्रास, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आवळण्याचा भाग विचारल्याशिवाय करू नका. झोप उडाली असेल, मन सतत धास्तावलेलं असेल तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पुढचे आठवडे

पहिले दोन आठवडे रोज करा, जमलं तर दोनदा, आणि निदान एकदा झोपेच्या वेळेशिवाय. झोप लागली तर शिकणं थांबतं. तिसऱ्या आठवड्यात जागा एकत्र करा: दोन्ही हात, चेहरा आणि मान, धड, दोन्ही पाय. हे जमलं की आवळणं सोडून द्या. श्वास सोडताना फक्त ती सुटण्याची जाणीव आठवायची: दात सुटे, खांदे खाली, तळहात उघडे, पोट मोकळं. याला दहा सेकंद लागतात आणि मीटिंग चालू असताना, लोकलमध्ये उभ्याउभ्याही ते करता येतं.