थंडीतल्या गारपिटीसाठी आधीच करून ठेवायची तयारी

दिवाळी झाली की गारा मोजून नोंदवायच्या सामानाची माझी पिशवी भरून दाराशेजारी खुंटीला लागते. पावसाळ्यातल्या ढगांना आपण सगळेच तयार असतो, पण हे थंडीतलं वादळ सकाळी छान ऊन दाखवतं, दुपारी तीन-चारला पश्चिमेकडून काळं होत येतं आणि वीस मिनिटांत सगळं उरकून निघून जातं. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात हेच झालं. तेव्हा माझ्या फोनला नऊ टक्के बॅटरी होती, पट्टी कुठेय ते माहीत नव्हतं, आणि अंगणातली सगळ्यात मोठी गार मी पट्टी शोधून येईपर्यंत निम्मी वितळली होती. किती मोठी होती असं कोणी विचारलं तर आजही मला छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि ते मला फार लागलंय. म्हणून ही यादी.

सुरुवात चार-पाच दिवस आधीपासून. उत्तरेत पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून येणारी थंडीतली वादळी प्रणाली) येतोय का आणि त्याचा वरचा द्रोण, म्हणजे वरच्या हवेतला कमी दाबाचा लांबट पट्टा, खाली गुजरात-महाराष्ट्रापर्यंत उतरतोय का ते बघा, सोबत अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागराकडून बाष्प येतंय का ते बघा. नुसता चक्रावात आला तर आपल्याकडे थंडी हलते, ढग येतात, बस. बाष्प आणि वरची थंड हवा एकत्र आली की मग खेळ बदलतो. विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर ईसीएमडब्ल्यूएफ (युरोपचं) आणि जीएफएस (अमेरिकेचं) ही अंदाजाची दोन्ही मॉडेल लावून बघायची सवय करा, दोघांचं एकमत होत नसेल तर कोणालाही काही सांगत सुटू नका. केपचा (हवेत वादळ उभं करायची किती ऊर्जा आहे त्याचा) आकडा पावसाळ्यापूर्वीच्या मानाने कमी दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नका, थंडीत वरच्या थरातला वारा जोरदार असतो, त्यामुळे ढग तिरका राहतो आणि जास्त वेळ टिकतो. शिवाय पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साधारण साडेपाच किलोमीटरवर असते, थंडीत ती खाली आलेली असते, म्हणजे गारेला वितळायला वाटच कमी मिळते.

आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्हावार इशारा, पिवळा का नारंगी, स्क्रीनशॉट काढून ठेवा. सकाळी साडेपाचला वर सोडलेल्या हवामान बलूनचा, म्हणजे वरच्या हवेच्या तापमान-बाष्प-वाऱ्याचा, आलेख आठ-नऊपर्यंत येतो, आमच्यासाठी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर हे दोन. इन्सॅट उपग्रहाच्या चित्रांवर वेळ युटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा कारण घाईत हमखास चुकतं. रडारचं एक समजून घ्या. मुंबईचं रडार निफाडपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, एवढ्या लांब येईपर्यंत त्याचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा जमिनीपासून तीन-साडेतीन किलोमीटर वर गेलेला असतो, मध्ये सह्याद्री आहेच. म्हणजे ढगाचं पोट दिसतं, पाय दिसत नाहीत. पन्नास डीबीझेडच्या (रडारला परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या जोराचं माप) पुढचा लाल-जांभळा ठिपका दिसला तर गारांची शक्यता धरा, पण जमिनीवर काय पडलं ते जमिनीवरचा माणूसच सांगणार. तो माणूस आपण असतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता पिशवी. स्टीलची पट्टी, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, झिपवाल्या पिशव्या, मार्कर, वही, पेन्सिल (पेन ओल्या कागदावर चालत नाही), टॉर्च, हेल्मेट, पॉवर बँक पूर्ण चार्ज केलेली. दहा रुपयाचं नाणं, त्याचा व्यास सत्तावीस मिलीमीटर, गारेशेजारी ठेवून फोटो काढायचा, लिंबाएवढी-बोराएवढी असं लिहून उपयोग नाही कारण प्रत्येकाचं लिंबू वेगळं. फ्रीजरमध्ये एक डबा रिकामा ठेवा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा, आमच्याकडे त्यात मटार गेले होते.

एक फूट बाय एक फूट जाड थर्माकोल घ्या, त्याला स्वयंपाकाची अ‍ॅल्युमिनियम फॉइल ताणून गुंडाळा, मागे तारीख लिहा आणि गच्चीवर दोन विटांमध्ये पक्कं बसवा. गार पडली की फॉइलवर खड्डा उमटतो, तुम्ही आत असताना हा तुकडा तुमच्यासाठी मोजत राहतो. लहान गारांचे खड्डे बारीक आणि दाट, मोठ्यांचे मोजके, आणि वारा असेल तर एका बाजूला ओढल्यासारखे लांबट, त्यावरून गारा कुठल्या दिशेने आल्या तेही कळतं.

वादळ डोक्यावर असताना बाहेर जायचं नाही, यात वाद नको. त्याच २६ तारखेला शेजारी गुजरातमध्ये वीज पडून वीसच्या वर माणसं गेली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप आधीच टाकून ठेवा, लोकेशन चालू ठेवा. चमक आणि गडगडाट यातले सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर, तीस सेकंदांच्या आत आले की घरात. झाड नाही, पत्र्याची शेड नाही, बंद गाडी चालेल. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, गारा वितळतील तर वितळू देत, थर्माकोल आहे ना.

बाहेर पडल्यावर आधी सगळ्यात मोठी गार, मग पाच साधारण गारा, पट्टीवर मापून, वजन करून, लगेच फ्रीजरमध्ये. रात्री एक गार गरम सुरीने मधून कापून बघा, मध्ये दुधी ठिपका, भोवती काचेसारखा थर, परत दुधी. पारदर्शक थरात पाणी सावकाश गोठलं, दुधी थरात पटकन गोठलं आणि हवा आत अडकली. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सुरी हातात घेऊन नुसता बघत राहिलो होतो.

आणि शेजारच्या द्राक्षबागेत जायचं असेल तर कॅमेरा खिशात ठेवून जा. नोव्हेंबरअखेर ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्यात किंवा मणी धरायच्या बेतात असतात, सटाण्याकडच्या अर्ली (लवकर छाटलेल्या) बागांचे मणी तर चांगले फुगलेले, अशा वेळी गार लागली की वर्षाचं पीक जमिनीवर पडलेलं दिसतं. बागेचा मालक गप्प उभा असतो. आधी त्याच्याजवळ उभे राहा, तो बोलला की बोला, आणि मग विचारून फोटो काढा, तारीख, वेळ, लोकेशन चालू ठेवून, पट्टी शेजारी ठेवून. महसूल मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस मोजतं, गार मोजत नाही, म्हणून तुमचा हा फोटो आणि वहीतली नोंद पंचनाम्याच्या वेळी त्याच्या हातात द्या, एक प्रत तुमच्याकडे ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचायला विसरू नका.